पहिला कॉर्क: कोल्हापुरातून बर्फावर जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुलमर्ग, औली किंवा सोलंगला जाऊन आलेल्या, स्कीवर साधी ३६० (हवेत एक पूर्ण फेरी) जमणाऱ्या आणि आता हवेत तिरकं फिरायची खाज सुटलेल्या कोल्हापूरकरांसाठी हे पान आहे. ज्यांचा स्नोप्लाऊ (स्कीची पुढची टोकं जवळ आणून वेग रोखायची नवशिक्यांची पद्धत) अजून सुटलेला नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. मारून बघायला मात्र आहे.

कॉर्क म्हणजे नक्की काय? साध्या स्पिनपेक्षा वेगळं काय असतं?

साध्या स्पिनमध्ये अंग उभं राहतं आणि उभ्याच अक्षाभोवती फिरतं. डोकं वर, स्की खाली, मधला मणका ताठ. हाच अक्ष तिरका झाला की तिला ऑफ-ॲक्सिस स्पिन म्हणतात. त्यातही घराणी आहेत. मागच्या बाजूला आणि खांद्याकडे कलून फिरलात तर कॉर्क. यात अंग जवळजवळ आडवं होतं, पण पाय डोक्याच्या वर जात नाहीत. मागे पूर्ण उलटून, म्हणजे बॅकफ्लिपमध्येच गिरकी मिसळली तर रोडिओ किंवा फ्लॅटस्पिन. पुढे उलटून गेलात तर मिस्टी. पुढे कलून, पण न उलटता फिरलात तर बायो. या सीमा पक्क्या नाहीत. एकाच उडीला दोन प्रशिक्षक दोन नावं देताना मी ऐकलं आहे, त्यामुळे नावावरून वाद घालत बसू नका.

या सीमेवरून ऑलिम्पिकमध्येही चर्चा रंगली होती. मोगल्स (बर्फाच्या उंचवट्यांवरून उतरत मध्ये उड्या मारायच्या) प्रकारात तेव्हा उलटी उडी चालत नव्हती. १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता जॉनी मोझली २००२ ला सॉल्ट लेक सिटीत ‘डिनर रोल’ नावाची आडवी ७२० घेऊन उतरला. पाय डोक्याच्या वर जात नव्हते, म्हणून उडी नियमात बसली. पदक हुकलं, चौथा आला, पण लोकांना त्या दिवशीची उडी आठवते ती त्याचीच.

पहिली ऑफ-ॲक्सिस ट्रिक कोणती घ्यावी?

तुमचा हात कशावर बसला आहे ते बघा. स्पिन करून करून साधी ५४० पक्की झाली असेल तर कॉर्क ७२०. जिम्नॅस्टिक्समधून आला असाल आणि बॅकफ्लिप अंगात असेल तर रोडिओ ५४० किंवा फ्लॅटस्पिन ३६०.

पुष्कळांना वाटतं की आधी कॉर्क ३६०, मग ५४०, मग ७२० अशी शिडी असेल. तशी ती नाही. कॉर्क ३६० मध्ये कलायला आणि परत सरळ व्हायला वेळच उरत नाही. कॉर्क ५४० उलट्या दिशेने, म्हणजे स्विच उतरते आणि शेवटी लँडिंग खांद्याआड जातं. ७२० मध्ये पूर्ण दोन फेऱ्या होतात आणि तोंड उताराकडे येतं. आकडा मोठा वाटतो, पण बहुतेकांना हीच सोपी जाते. खालची सगळी उत्तरं डावीकडे फिरणारी कॉर्क ७२० धरून दिली आहेत. उजवीकडे फिरणाऱ्यांनी आरशात वाचावं.

त्याआधी काय काय यायला हवं?

साधी ३६० दोन्ही बाजूंना आणि साधी ५४० निदान एका बाजूला, तीही दहातल्या आठ वेळा, न लडबडता. स्विच, म्हणजे उलटं उतरत जाणं, हे पुढे जाण्याइतकंच निवांत हवं. ७२० अर्धी फेरी कमी पडली तर तुम्ही स्विचच उतरणार आहात. त्या वेळी स्विच येत नसेल तर गुडघा सांगेल.

आणि साधी सरळ उडी. तिला कुणी मोजत नाही, पण लिपवरून, म्हणजे किकरच्या (उडीसाठी बांधलेल्या बर्फाच्या चढाच्या) शेवटच्या टोकावरून, दोन्ही पायांनी एकदम, मधोमध उभं राहून सुटता येत नसेल तर पुढचं काही करू नका.

हा तिरकेपणा येतो कुठून? हवेत गेल्यावर कलायचं का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

स्की लिपवर आहेत तोवर पायाखाली बर्फ आहे, आणि त्या बर्फाला ढकलूनच अंगाला फिरकी मिळते. स्की सुटल्या की ढकलायला काही उरत नाही. जी फिरकी घेऊन निघालात तेवढीच शेवटपर्यंत राहते. हात-पाय जवळ घेतले तर जोरात फिराल, पसरले तर सावकाश. हात असमान हलवून कल थोडा बदलता येतो, डायव्हिंगवाले ट्विस्ट असाच काढतात, पण ती नंतरची कला. पहिल्या कॉर्कचा कल लिपवरच ठरतो. हवेत जाऊन ‘आता कलूया’ म्हणणारा माणूस नुसतंच डोकं मागे टाकतो. डोकं जातं, अंग जात नाही.

क्रम असा. किकरकडे येताना आधी हलकंसं उजवीकडे वळण, मग डावीकडे. डाव्या वळणातली स्कीची धार (कड) लिपवर येईपर्यंत पकडून ठेवायची, म्हणजे बुडाखाली घट्ट काहीतरी राहतं. लिपच्या शेवटी दोन्ही पायांनी वर उसळायचं. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला टेकलेली हवी. उसळताना डावा खांदा मागे उघडायचा आणि जरासा खाली टाकायचा, उजवा हात छातीसमोरून वर आणि डावीकडे न्यायचा. नजर डाव्या खांद्यावरून मागे. बास. कलायचं असं वेगळं काही नाही. खांदा मागे-खाली गेला की स्की आपोआप दुसऱ्या बाजूने वर येतात.

कल किती? पहिल्या वेळी वाटतो त्याच्या निम्मा. हवेत तुम्हाला वाटेल आपण पूर्ण आडवे झालो. व्हिडिओ बघाल तर जेमतेम कललेले दिसाल. हे चांगलंच आहे. कल हळूहळू वाढवता येतो. जास्त झालेला कल मात्र हवेत कमी करता येत नाही. मग तो बॅकफ्लिपकडे सरकतो आणि तुम्ही पाठीवर येता.

दोन खोडी जवळपास प्रत्येकात असतात. पहिली म्हणजे लिप यायच्या आतच फिरायला लागणं. स्की आडव्या होतात, धार सुटते, उसळी जाते, आणि फिरकी आहे पण उंची नाही अशी गत होते. दुसरी म्हणजे मागे कलायचंय म्हणून लिपवरच टाचांवर बसणं. यात स्की पुढे निसटतात. खांदा मागे टाकायचाय, वजन नाही. या दोन गोष्टी अंगाला वेगवेगळ्या कळायला वेळ लागतो, आणि माझ्या मते कॉर्क शिकणं म्हणजे निम्मं हेच.

हवेत बघायचं कुठे? मला काहीच दिसत नाही.

सुरुवातीला कुणालाच दिसत नाही, नुसता पांढरा पट्टा फिरतो. डाव्या खांद्यावरून बघत राहिलात तर आधी मागे सुटलेली लिप दिसेल, मग आकाश, मग ओझरतं लँडिंग, परत आकाश, आणि मग डाव्या काखेखालून पुन्हा लँडिंग. पहिल्यांदा दिसलेलं लँडिंग फसवं असतं. ते दिसताच लोकांना हायसं वाटतं आणि अंग मोकळं सोडतात. फेरी एकच झालेली असते. दुसऱ्यांदा दिसेल तेव्हा उघडायचं, त्याआधी नाही.

कोल्हापुरात बर्फच नाही, मग इथं काय करणार?

बरंच. हवेतलं जवळजवळ सगळं बर्फाशिवाय शिकता येतं. लिपवरचं येत नाही. म्हणून वर्षभर इथं हवेचा सराव करायचा आणि बर्फावरचे मोजके दिवस टेकऑफसाठी राखायचे. लोक नेमकं उलटं करतात. इथं दहा महिने व्हिडिओ बघतात आणि गुलमर्गला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी उलटं व्हायला बघतात.

ट्रॅम्पोलीन सगळ्यात कामाची. ती जिम्नॅस्टिक्सच्या प्रशिक्षकाच्या नजरेखालची असावी. वाढदिवसाच्या पार्टीतली नव्हे. आधी सरळ उड्या, मग ३६०, मग पाठीवर पडून अर्धी गिरकी घेत पायावर येणं, मग कललेली ३६०. एका वेळी एकच माणूस. मटण-भाकरी हाणून जाऊ नका, एवढं सांगायची वेळ येऊ नये पण येते.

दुसरं पोहण्याचा तलाव, जिथं डायव्हिंग बोर्ड आहे आणि डायव्हिंगच्या प्रशिक्षकाची परवानगी आहे असा. हिशोब सोपा आहे: ३ मीटरच्या बोर्डावरून अर्धा मीटर उसळून पायावर उतरलात तर हवेत सव्वा सेकंदाच्या आसपास मिळतो. एवढा वेळ बर्फावरच्या बऱ्यापैकी किकरवर मिळतो. १ मीटर बोर्डावर पाऊण-एक सेकंद. बोर्डाखाली खोली भरपूर लागते. ३ मीटर बोर्डाला साधारण पावणेचार मीटर पाणी अपेक्षित असतं. पाण्यात कायम पायच आधी.

विहिरीत आणि खाणीत नको. आपल्याकडची निम्मी पोरं विहिरीत मुटका मारत पोहायला शिकली, मीही त्यातलाच. पण मुटका सरळ खाली जातो, आणि तिरकी गिरकी बाजूला सरकते. विहिरीची भिंत हातभर लांब असते, खाणीत तळाला काय आहे ते दिसत नाही. पंचगंगेच्या घाटावरूनही नको. पाण्याची पातळी आज एक, उद्या एक.

तिसरं, इनलाइन स्केट्स. मोकळ्या डांबरी मैदानावर उलटं जाणं, १८० मारून स्विच उतरणं, धार धरून वळणं. कॉर्क इथं होत नाही, पण वर सांगितलेली स्विचची तयारी इथं फुकटात होते.

मी तालमीत जातो. कुस्तीचा उपयोग होईल का?

मान, पाठ आणि पडण्याची भीती नसणं, या तिन्हीचा होतो. लाल मातीत वाढलेला माणूस पडताना हात मागे टेकत नाही, आणि बर्फावर मनगट-खांदा वाचतो तो त्यामुळेच.

अडचण एका जागी येते. धोबीपछाड मारताना खांदा पुढे आणि खाली जातो, कंबर त्याच्या मागून फिरते. ती सवय इतकी मुरलेली असते की लिपवरही पैलवानाचा खांदा पुढेच पडतो आणि कॉर्कऐवजी बायो किंवा अर्धवट मिस्टी निघते. ट्रॅम्पोलीनवर मुद्दाम खांदा मागे उघडायचा सराव जास्त करा. नाहीतर सरळ मिस्टी शिका, तीही काही वाईट नाही. पण लँडिंग उशिरा दिसतं आणि ५४० ची मिस्टी स्विच उतरते. वजनाचंही बघा. नव्वद किलोचा माणूस सपाटीवर आपटला तर बांधणी (बूट स्कीला धरून ठेवणारा खटका), स्की आणि गुडघा यांपैकी काय आधी जाईल ते सांगता येत नाही.

माझी मुलगी मल्लखांब करते. तिला थेट शिकवता येईल का?

उलटं असताना आपण कुठे आहोत हे तिला कळतं, ही मोठी कमाई आहे. पण मल्लखांबात बहुतेक वेळ शरीर खांबाला कुठेतरी धरून असतं. मोकळ्या हवेत काहीच हाताला नसणं वेगळं, आणि वेगात येऊन उतारावर उतरणं आणखी वेगळं. तिला आधी नीट स्कीइंग येऊ दे, ताई. घाई करण्यासारखं यात काही नाही.

किकर केवढा असावा?

लहान किकर सुरक्षित वाटतो, पण कॉर्क ७२० ला तो पुरत नाही. उडी आणि उतरण एकाच पातळीवर धरली तर एक सेकंद हवेत राहायला सुमारे १.२ मीटर वर जावं लागतं, दीड सेकंदाला पावणेतीन मीटर. दोन फेऱ्या आणि सरळ व्हायला एक सेकंद फारच ताणून होतो. म्हणून स्की पार्कमध्ये (उड्यांसाठी राखलेल्या उतारावर) लोक साधारण ९ ते १२ मीटर लांबीच्या टेबलटॉपवर (वर सपाट, पलीकडे उतार असलेल्या उडीवर) पहिला प्रयत्न करतात.

लांबीपेक्षा लँडिंगचा उतार महत्त्वाचा. उतरताना वेगाचा जो भाग उताराला काटकोनात येतो तोच हाडांना कळतो. उतार उडीच्या रेषेशी मिळता असेल तर मोठी उडीही मऊ लागते. सपाट असेल तर लहान उडीही कंबरडं मोडते.

गुलमर्गला किंवा औलीला तयार किकर मिळतो का?

मिळेलच असं धरून जाऊ नका, निघण्याआधी तिथल्या स्की शाळेला फोन करून विचारा. गुलमर्गचा गोंडोला जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेतो आणि वर बर्फ झकास असतो, पण ते खुलं डोंगराळ मैदान आहे. तिथं हिमकडे कोसळतात. गस्तीच्या माणसांनी बंद सांगितलेल्या उतारावर किकर बांधायचा विचारही नको.

स्वतः बांधणार असाल तर आधी लँडिंग शोधा, किकर नंतर. खाली लांब, एकसारखा उतार, मऊ ताजा बर्फ, झाडं-खडक-वाट काही नाही. बर्फ थरांनी चोपून, रात्रभर बसू द्यावा. लिपचा शेवट वर वळलेला नको. फार वर वळलेली लिप अंगाला मागे फेकते आणि कॉर्कचा फ्लिप करून टाकते. मग आधी नुसतं बाजूने उतरून वेग बघा, मग सरळ उड्या, मग ३६०, मग ५४०. ५४० त्या किकरवर निवांत बसली तरच पुढे. मऊ बर्फात पहिला कॉर्क मारणं हे हिमालयात जाणाऱ्यांचं भाग्य आहे. युरोपातल्या पार्कमधल्या कडक लँडिंगवर ते मिळत नाही.

जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंतचा काळ बरा. दुपारी उन्हाने लिप मऊ पडते आणि संध्याकाळी गोठते. दोन्ही वेळा नको.

ग्रॅब, म्हणजे हवेत हाताने स्की पकडणं, कधी?

पहिल्या प्रयत्नात नाही. गुडघे वर ओढून घेतले की पुरे. नंतर सेफ्टी ग्रॅब, म्हणजे बुटाच्या बाहेरच्या बाजूला, बांधणीखाली हात. ग्रॅबमुळे अंग आवळलेलं राहतं आणि मध्येच उघडायचा मोह टळतो. काहीजण म्यूट ग्रॅबने शिकतात, कारण विरुद्ध हात स्कीकडे नेताना अंग आपसूक कलतं. मला ते पटत नाही. कल हाताने आला की तो लिपवर आला नाही.

मध्येच कळलं की चुकलंय. काय करायचं?

उघडायचं नाही. हा सगळ्यात कठीण सल्ला आहे, कारण घाबरलेलं अंग आधी हातपायच पसरतं. पसरलं की फिरकी मंदावते, आणि तुम्ही आडवे किंवा डोकं खाली अशा जागी थांबता. आवळून राहिलात तर निदान पाय कुठेतरी खाली येतात. उतरताना कुशीवर, मांडीवर घसरत जा. हात मागे टेकवू नका, आणि घसरत असताना स्कीवर उभं राहायची घाई करू नका. गुडघ्याचे अस्थिबंध तिथेच जातात.

माझी ७२० नेहमी ६३० ला अडकते आणि स्की आडव्या लागतात.

फसव्या लँडिंगचा भाग परत वाचा. त्यानेही सुटलं नाही तर बाजूने काढलेला व्हिडिओ बघा. उसळी आहे का? बहुतेक वेळा फिरकी पुरेशी असते, हवेत वेळच कमी पडतो. जोर वाढवायचा तो पायांत, खांद्यात नाही.

सामान काय लागेल?

दोन्ही टोकं वळलेली ट्विन-टिप स्की. १९९८ मध्ये सॅलोमॉनची टेन-एटी आली आणि उलटं उतरणं या खेळात सर्रास झालं, तेव्हापासून हीच पद्धत. भाड्याच्या दुकानात बहुधा वळणांसाठीच्या स्की मिळतात, शेपूट सपाट असते. त्यावर स्विच उतरणं म्हणजे जुगार. हेल्मेट ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ २०४० मानकाचं. बाईकचं चालत नाही. ते जड आणि मानेला ओझं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलायचं. पाठीचं कवच घ्या. बांधणीचा आकडा (किती जोराने बूट सुटेल तो) तंत्रज्ञाकडून, खरं वजन सांगून लावून घ्या. ‘सुटते म्हणून’ स्वतः पेचकस घेऊन आवळू नका.

एअरबॅगवर (हवा भरलेल्या मोठ्या गादीवर) शिकता येत नाही का?

येतं, आणि परवडत असेल तर तेच उत्तम. अमेरिकेत यूटा ऑलिम्पिक पार्कमध्ये उन्हाळ्यात स्कीसकट पाण्यात उतरायची रॅम्प आहे; पाण्यात खालून हवेचे बुडबुडे सोडतात म्हणजे मार कमी लागतो. आपल्याला जवळचं म्हणजे दुबईच्या मॉलमधला बर्फ. सर्वांत लांब उतार ४०० मीटरचा. मोठा कॉर्क तिथं होणार नाही, पण ३६०, स्विच आणि लिपवरची उसळी घोटायला मुंबईहून तीन तासांवर बारमाही बर्फ आहे.

किती दिवसांत जमेल?

माहीत नाही, आणि जो आकडा सांगेल त्याला पैसे देऊ नका.

डबल कॉर्क, म्हणजे एकाच उडीत दोनदा तिरकं होणं, कधी?

बीजिंगला २०२२ मध्ये आयलीन गूने बिग एअरच्या (एकाच मोठ्या उडीच्या स्पर्धेच्या) अंतिम फेरीत डबल कॉर्क १६२० मारून सुवर्ण घेतलं, आणि ती उडी तिने स्पर्धेत पहिल्यांदाच मारली होती. त्याची क्लिप बघून मेसेज येतात. त्या एका उडीमागे लहानपणापासूनचं पार्क, एअरबॅग आणि ट्रॅम्पोलीन आहे. तुमचा सिंगल दोन्ही बाजूंना, कुठल्याही बर्फावर, ग्रॅबसकट बसू दे. मग बोलू.

डोक्याला मार लागला तर?

त्या दिवशी स्की काढून ठेवायची. ‘बरा हाय, काय न्हाई झालं’ हे ज्याला मार लागलाय त्याने ठरवायचं नसतं. उलटी, वाढती डोकेदुखी, तेच तेच विचारणं, झोपेची गुंगी, यांपैकी काहीही दिसलं तर थेट दवाखाना. गुलमर्गहून मोठं रुग्णालय म्हणजे श्रीनगर, सुमारे ५० किलोमीटर, आणि बर्फ पडत असेल तर रस्ता सावकाश चालतो. हा वेळ धरूनच ठरवा. लक्षणं पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांनी होय म्हटल्यावरच परत उडी.

विमा चालतो का?

साध्या आरोग्य विम्यात आणि प्रवास विम्यात साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात, आणि ते बारीक अक्षरात असतं. पॉलिसीत ‘स्कीइंग’ असलं तरी उड्या आणि स्पर्धा वगळल्यात का ते वेगळं बघा. एजंटकडून तोंडी नको, ईमेलवर लेखी घ्या. घरच्यांनाही त्याची प्रत देऊन ठेवा, कारण दावा करायची वेळ आली तर कागद तुमच्या बॅगेत गुलमर्गच्या हॉटेलात असेल.